नंबर वाटणारा माणूस : जॉन पोस्टेल

थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट म्हणून आमच्या ग्रुपनं गॅदरिंगची वेबसाईट करायला घेतली. कार्यक्रमांची यादी, नावनोंदणी आणि स्पर्धांचे निकाल, एवढाच पसारा. पंधरा दिवस रात्री जागून साईट उभी केली, लॅबमधल्या लिनक्स मशीनवर आणली आणि सर्व्हर चालू करायला गेलो तर स्क्रीनवर परमिशन डिनाइड! कोड तपासला, कॉन्फिगरेशनची फाईल तपासली, मशीन बंद करून परत चालू केलं. तरी तेच. शेवटी ग्रुपमधल्या एकानं वैतागून ८० च्या जागी ८०८० टाकलं आणि सर्व्हर गुमान चालू झाला.

पण गॅदरिंगला येणाऱ्या पोरापोरींना पत्त्यापुढं कोलन आणि ८०८० टाईप करा असं सांगत कोण फिरणार? म्हणून आम्ही सरांकडं रूटचा पासवर्ड मागायला गेलो. सरांनी साफ नकार दिला. पूर्वी एकदा एका ग्रुपला असाच पासवर्ड मिळाला होता आणि एका चुकलेल्या कमांडनं अख्ख्या बॅचचे प्रोजेक्ट उडाले होते. आमचे पडलेले चेहरे बघून सर स्वतःच मशीनपाशी बसले, दोन मिनिटं काहीतरी टाईप केलं आणि उठले. आमचा सर्व्हर ८० वर चालू झाला, तोही आमच्या साध्या लॉगिनवरून. रूट मिळालं नाही, काम मात्र झालं.

त्या दिवसापासून दोन प्रश्न डोक्यात घर करून बसले. वेबसाठी हा ८० नंबर ठरवला कुणी? आणि १०२४ च्या खालच्या नंबरांवर पहारा बसवला कुणी? शोधायला लागल्यावर कळलं की दोन्ही कामं वेगवेगळ्या लोकांची आहेत. पण पहिल्या प्रश्नाचा माग काढताना एक दाढीवाला, पायात सँडल घालून फिरणारा, कमी बोलणारा माणूस भेटला. आपल्या कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात त्याचं काम आहे. प्रश्नपत्रिकेत मात्र त्याचं नाव कधी येत नाही. त्याला जाऊन पाव शतक उलटून गेलं. त्याचं नाव जॉन पोस्टेल.

त्याच्याकडं वळण्याआधी पोर्ट म्हणजे काय ते थोडक्यात बघू. आय.पी. ॲड्रेस म्हणजे आपलं कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक समजा. नुसतं सी.बी.एस.ला या म्हटलं तर माणूस स्टँडवर येईल, पण गाडी कुठल्या फलाटाला लागते ते माहीत नसेल तर बॅग घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत बसेल. पोर्ट नंबर म्हणजे हा फलाट. एकाच मशीनवर वेब, मेल, फाईल ट्रान्सफर अशा कितीतरी सेवा चालतात आणि प्रत्येकीचा फलाट वेगळा असतो. हे नंबर ० पासून ६५५३५ पर्यंत असतात. ब्राऊजर कुणाला न विचारता साध्या वेबसाईटसाठी ८० वर आणि सुरक्षित साईटसाठी ४४३ वर जातो, कारण सगळ्या जगानं ते मान्य केलेलं आहे. आता सगळ्या जगाला एखादी गोष्ट मान्य करायला लावणं म्हणजे काय खायचं काम आहे का? आपल्याकडं चौघा मित्रांचं एका हॉटेलवर एकमत होत नाही. पोस्टेलनं ते करून दाखवलं, आणि तेही हातात कुठलाही कायदा नसताना.

जॉन पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या अल्टाडेना गावचा. शाळा व्हॅन नाईज हायस्कूल. गंमत म्हणजे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढं इंटरनेटच्या पायाभरणीत हे तिघंही एकत्र आले. पोस्टेलनं लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे यू.सी.एल.ए.मधून, १९६६ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ साली मास्टर्स केलं आणि १९७४ साली कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. मिळवली. म्हणजे मूळचा तो आपल्यासारखाच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी.

१९६९ साली यू.सी.एल.ए.मध्ये प्रा. लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या लॅबमध्ये अर्पानेटचं पहिलं केंद्र सुरू झालं. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचा आजा. पोस्टेल त्याच लॅबमध्ये काम करत होता. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री तिथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मशीनला पहिला संदेश गेला. लॉगिन हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची सिस्टीम झोपली. इंटरनेटची सुरुवातच क्रॅशनं झाली म्हणायची! प्रॅक्टिकलला आपला प्रोग्रॅम अडकतो तेव्हा ही गोष्ट आठवावी, जरा धीर येतो.

केबल जोडल्या, मशीन जोडली, पण मशीननं मशीनशी बोलायचं कुठल्या नियमांनी? हे नियम लिहिण्याचं काम कुणी बडे अधिकारी करतील असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते पडलं विद्यार्थ्यांच्या अंगावर. आपण पोरंसोरं, आपण नियम कसे काढणार, या संकोचातून स्टीव्ह क्रॉकरनं एक युक्ती केली. त्यानं आपल्या टिपणांना नियम म्हटलंच नाही, रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स असं नाव दिलं, म्हणजे मतं कळवण्याची विनंती. ७ एप्रिल १९६९ रोजी पहिलं टिपण निघालं. आज आपण ज्याला आर.एफ.सी. म्हणतो ते हेच. या टिपणांना नंबर देणं, ती नीट तपासणं आणि सगळ्यांपर्यंत पोचवणं ही जबाबदारी पोस्टेलकडं आली. ती त्यानं मरेपर्यंत, म्हणजे तब्बल २८ वर्षं सांभाळली. तोवर ही मालिका २४०० च्या पुढं गेली होती.

नंबर द्यायचा नाद त्याला इथूनच लागला असावा. १९७२ पर्यंत अर्पानेटवर बऱ्याच सेवा सुरू झाल्या होत्या आणि जो तो आपल्या सोयीनं नंबर वापरत होता. तेव्हा त्यांना सॉकेट नंबर म्हणत. ३० मे १९७२ रोजी पोस्टेलनं ३४९ क्रमांकाचं एक छोटंसं टिपण काढलं. त्यात त्यानं सुचवलं की अधिकृत नंबर वाटण्याचं काम एकाच माणसाकडं असावं, आणि पुढं असंही सुचवलं की तो माणूस मीच असावा. सोबत टेलनेट, फाईल ट्रान्सफर, एको अशा सेवांना नंबर देऊन टाकले. कुणी हरकत घेतली नाही. कटकटीचं काम कुणीतरी आपणहून अंगावर घेतंय म्हटल्यावर हरकत कोण घेणार? एको या सेवेला त्यानं दिलेला ७ आणि डिस्कार्डला दिलेला ९ हे नंबर आजतागायत तेच आहेत.

इथं एक तांत्रिक गंमत सांगतो. त्या काळच्या प्रोटोकॉलमध्ये एक जोडणी एकाच दिशेनं चाले, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलायचं तर नंबरांची जोडी लागे, एक सम आणि एक विषम. पुढं १ जानेवारी १९८३ ला सगळं नेटवर्क टी.सी.पी.वर आलं आणि एकच पोर्ट दोन्ही दिशांना पुरायला लागलं. पण जुनी सवय राहिली. म्हणून तर एफ.टी.पी. २१, टेलनेट २३, मेल २५ असे जुने नंबर विषम दिसतात.

मार्च १९७७ मध्ये पोस्टेल सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. १९८० साली यू.डी.पी., सप्टेंबर १९८१ मध्ये आय.पी., आय.सी.एम.पी. आणि टी.सी.पी., १९८२ साली मेलचा एस.एम.टी.पी., १९८५ साली एफ.टी.पी. या सगळ्यांच्या आर.एफ.सी. एक तर त्यानं लिहिल्या, नाहीतर संपादित केल्या. व्हायवाला एक्स्टर्नल जे जे विचारतात ते जवळजवळ सगळं या यादीत आलं! याच लिखाणात त्यानं सांगितलेलं एक तत्त्व पुढं त्याच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, दुसऱ्याकडून घेताना थोडं सांभाळून घ्यावं, असा त्याचा मतलब. घरात नव्यानं आलेल्या सुनेला जुन्या बायका असंच काहीतरी सांगत असतील.

या कामात त्याच्या जोडीला जॉयस रेनॉल्ड्स ही सहकारी होती. नंबरांच्या याद्यांवर दोघांची नावं दिसतात. या कामाला पुढं आयाना असं नाव पडलं. नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात कचेरी म्हणजे ही दोन-चार माणसं.

आता दुसरा प्रश्न. पहारा कुणी बसवला? तो बसवला बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सवाल्यांनी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांच्या युनिक्समध्ये एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पासवर्ड न देता जाण्याची सोय होती. मग समोरून बोलणारा खरंच तोच आहे हे ओळखायचं कसं? त्यांनी ठरवलं की १०२४ च्या खालचं पोर्ट फक्त रूटलाच, म्हणजे मशीनच्या मुख्य ॲडमिनिस्ट्रेटरलाच उघडता येईल. त्या काळी मशीन म्हणजे खोलीभर कपाट, आणि रूट म्हणजे विद्यापीठाचा पगारी, जबाबदार माणूस. खालच्या पोर्टवरून कुणी बोलतोय म्हणजे त्याच्या मागं त्या मशीनचा ॲडमिनिस्ट्रेटर उभा आहे, असा विश्वास. एखाद्या तालमीतल्या वस्तादाची चिठ्ठी घेऊन पोरगं दुसऱ्या तालमीत गेलं की त्याला कुणी जास्त विचारत नाही, तसंच हे.

पोस्टेलची यादी बरीच वर्षं ० ते २५५ एवढ्याच नंबरांची होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती १०२३ पर्यंत वाढवली गेली. त्यामुळं यादीतले प्रसिद्ध नंबर आणि युनिक्सनं राखून ठेवलेले नंबर यांची हद्द एकच झाली. म्हणून आपल्याला वाटतं की हा एकाच माणसाचा एकच नियम आहे. खरं तर नंबर देणं हा सगळ्यांनी मिळून पाळायचा करार होता आणि रूटचा पहारा ही एका ऑपरेटिंग सिस्टीमची सोय होती. विंडोजमध्ये हा पहारा या स्वरूपात कधीच नव्हता.

आपलं ८० नंबरचं दार या यादीत आलं जुलै १९९२ मध्ये. टिम बर्नर्स-ली यांचं वर्ल्ड वाईड वेब तेव्हा नवीन होतं. ७९ वर फिंगर नावाची सेवा होती, ८१ सुद्धा गेलेला होता, मधला ८० वेबच्या वाट्याला आला. ऑक्टोबर १९९४ च्या यादीत ४४३ सुरक्षित वेबसाठी नोंदवलेला दिसतो. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी एस.एस.एच. लिहिलं. टेलनेट २३ वर आणि एफ.टी.पी. २१ वर, मग मधला २२ आपल्याला मिळेल का, अशी साधी मेल त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी जॉयस रेनॉल्ड्सचं उत्तर आलं, नंबर दिला! फॉर्म नाही, फी नाही, झेरॉक्स प्रती नाहीत, साहेब जेवायला गेलेत नाही. आपल्याला दाखला काढायचा अनुभव आहे, त्यामुळं यातलं मोठेपण आपल्याला चटकन कळेल.

आता आमच्या सरांनी त्या दोन मिनिटांत काय केलं ते सांगतो, कारण पोस्टेलच्या आयुष्याचा शेवट समजायला ते उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, रूट हा सगळं करू शकतो. कुणाचीही फाईल वाचतो, पुसतो, मशीन बंद करतो. ८० चं दार उघडायला यातलं काहीच लागत नाही. तरी जुन्या युनिक्समध्ये एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही, असा मामला होता. एक दार उघडायचं म्हणून घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या. त्या सर्व्हरमध्ये एखादी चूक सापडली की घुसणाऱ्याच्या हाती अख्खं घर.

यावर वेळोवेळी उपाय निघाले. अपाचेसारखे सर्व्हर रूट म्हणून सुरू होतात, ८० चं दार उघडतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाशी बोलण्याचं काम साध्या युजरच्या हक्कांनी चालणाऱ्या प्रोसेसकडं सोपवतात. दुसरा उपाय म्हणजे आपला सर्व्हर ८०८० वरच ठेवायचा आणि ८० वर येणारा माणूस आयपीटेबल्सच्या एका ओळीनं तिकडं वळवायचा. स्टँडवर फलाट न मिळालेलं वडाप बाहेर रस्त्याला उभं असतं आणि आतल्या माणसाला कुणीतरी हात करून तिकडं पाठवतं, तसं. यात एक खोच आहे. आपला सर्व्हर पडला तर ८०८० वर दुसरा कुणीही आपलं वडाप लावू शकतो, कारण त्या दाराला पहारा नाही.

तिसरा उपाय सरांनी वापरला तो. १९९९ सालच्या लिनक्स २.२ पासून रूटच्या सगळ्या ताकदीचे तुकडे केलेले आहेत, त्यांना कॅपॅबिलिटी म्हणतात. त्यातला एक तुकडा फक्त खालची पोर्ट उघडण्यापुरता असतो. २००८ सालच्या २.६.२४ या कर्नलपासून हा तुकडा सेटकॅप या कमांडनं एखाद्या प्रोग्रॅमच्या फाईलला चिकटवता येतो. सरांनी आमच्या सर्व्हरच्या फाईलला तेवढा एकच हक्क दिला. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रोग्रॅम पुन्हा कंपाईल केला की नवी फाईल तयार होते आणि हक्क गळून पडतो, तो परत द्यावा लागतो. आणि पायथॉन किंवा जावा चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमलाच हा हक्क दिला तर त्यावर चालणाऱ्या कुणाच्याही स्क्रिप्टला तो मिळतो, म्हणून तसं करू नये. २०१७ सालच्या ४.११ कर्नलपासून तर पहारा कुठल्या नंबरापासून बसवायचा ते ॲडमिनिस्ट्रेटरला एका सेटिंगनं ठरवता येतं. आज ज्याच्याकडं लॅपटॉप आहे तो प्रत्येकजण आपल्या मशीनचा रूट आहे. त्यामुळं खालच्या पोर्टवरून बोलणारा भरवशाचा, हा जुना विश्वास उरलेला नाही. वस्तादाची चिठ्ठी आता ज्याला त्याला घरीच छापता येते.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. ॲडमिनिस्ट्रेटरला चकवून कुणी काही करत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर एकदाच, विचार करून, कामापुरता हक्क देतो, आणि रोजचं काम त्या हक्काबाहेर जात नाही.

पोस्टेलची गोष्ट याच्या बरोब्बर उलटी होती. त्याच्या हातात सगळ्या इंटरनेटच्या किल्ल्या होत्या, आणि त्या त्याला कुणी रीतसर दिलेल्याच नव्हत्या. नंबरांबरोबर नावांचाही कारभार त्याच्याकडं होता. १९८३ साली त्याच्या संस्थेतल्या पॉल मोकापेट्रिस यांनी डी.एन.एस.ची रचना केली. १९८४ च्या ऑक्टोबरात पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी डॉट कॉम, डॉट ई.डी.यू. वगैरे नावांचा आराखडा लिहिला. प्रत्येक देशाला दोन अक्षरं मिळाली. आपलं डॉट इन १९८९ च्या मे महिन्यात नोंदवलं गेलं आणि त्याचा कारभार सांभाळायला दिला मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडं. सामान्य माणसाला भारतात इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे त्याच्या सहा वर्षं आधीच आपल्या देशाचं नाव या माणसाच्या वहीत चढलं होतं आणि त्याची चावी महाराष्ट्रात होती. पुढं ही संस्था पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि २००५ पासून डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडं आहे.

कुठल्या देशाचं नाव कुणाच्या ताब्यात द्यायचं हा खरं तर सरकारांचा विषय. पण हे काम वर्षानुवर्षं पोस्टेलच्या एका मेलवर चाललं. मार्च १९९४ मध्ये त्यानं यासाठी एक टिपण लिहिलं. नाव सांभाळणारा हा त्याचा मालक नव्हे, तो लोकांचा विश्वस्त आहे, त्यानं हक्काची भाषा न करता जबाबदारीची करावी, असा त्याचा आशय आहे. स्वतः तो तसाच वागला. या नावानंबरांच्या बाजारात त्याला करोडो रुपये मिळवता आले असते. तो संस्थेत पगारावर काम करत राहिला, आणि सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरात भटकायला जायचा.

मग इंटरनेटमध्ये पैसा आला. डॉट कॉमची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडं होती आणि १९९५ पासून ती कंपनी त्याचे पैसे घेऊ लागली. दोन वर्षांना शंभर डॉलर. नवीन नावं कुणी काढायची, मुख्य यादी कुणाची, यावरून भांडणं सुरू झाली. ही मुख्य यादी तेरा रूट सर्व्हरवर असे. लक्षात घ्या, हे रूट म्हणजे आपल्या लॅबमधलं लॉगिन नव्हे, नावांच्या झाडाचं मूळ. एक मुख्य सर्व्हर कंपनीकडं आणि बाकीचे बारा त्याची नक्कल उतरवून घेत.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेलनं या बारापैकी आठ सर्व्हर चालवणाऱ्यांना मेल केली. यापुढं यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता आपल्याकडून घ्या, असं कळवलं. आणि त्या आठही जणांनी तसं केलं! ना हुकूम, ना कोर्टाचा कागद. सांगणारा जॉन आहे, एवढं कारण त्यांना पुरलं. दोन्ही याद्या सारख्याच असल्यानं वापरणाऱ्या कुणाला फरक कळला नाही. पण इंटरनेटच्या मुळाचे दोन भाग झाले होते. अमेरिकेच्या अध्यक्षांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्यापर्यंत बातमी गेली. फोनाफोनी झाली. ही चाचणी होती असं पोस्टेलनं सांगितलं आणि सगळं पूर्ववत केलं. दोनच दिवसांनी सरकारनं नावांच्या कारभाराविषयीचा आपला प्रस्ताव प्रसिद्ध केला.

त्यानं हे का केलं यावर आजही वाद आहेत. कुणी म्हणतात सरकारला आणि कंपनीला इशारा द्यायचा होता, कुणी म्हणतात खरंच चाचणी होती. मला विचाराल तर त्या एका मेलनं दोन गोष्टी एकदम दिसल्या. हातात रूटचा अधिकार नसताना निव्वळ विश्वासावर केवढं काम होतं ही पहिली. आणि एका माणसावर एवढा विश्वास टाकणं किती धोक्याचं ही दुसरी. पोस्टेल भला माणूस होता म्हणून यादी जशीच्या तशी राहिली आणि सांगितल्यावर त्यानं ती परतही दिली. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर? आमचे सर आम्हाला चोर समजत नव्हते. तरी त्यांनी पासवर्ड दिला नाही, तो याच प्रश्नामुळं. चांगल्या माणसाचीही एखादी कमांड चुकते.

ही गोष्ट पोस्टेललाही कळत असणार. कारण त्यानंतरचे महिने त्यानं स्वतःच्या जागी एक संस्था उभी करण्यात घालवले. जे काम त्याच्या नावावर, त्याच्या शब्दावर चालत होतं ते नियम, मंडळ, हिशेब असलेल्या संस्थेकडं जावं म्हणून तो झटला. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळं लॉस एंजलिसमध्ये त्याचं निधन झालं. वय फक्त ५५. त्याच्याच शाळेत शिकलेल्या व्हिंट सर्फ यानं त्याच्यावर मृत्युलेख लिहिला, आणि तो प्रसिद्ध झाला आर.एफ.सी. म्हणून, क्रमांक २४६८. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपणांना नंबर देणाऱ्याला शेवटी त्याच मालिकेतला एक नंबर मिळाला.

अमेरिकन सरकारचा या कामावरचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून संपला. आज नंबर आणि नावं यांचा कारभार अनेक देशांतले लोक मिळून चालवतात. कारभार मोठा झाला, वेळखाऊ झाला, बैठका वाढल्या. दुसऱ्या दिवशी नंबर हातात मिळण्याचे दिवस गेले. पण आता तो कुणा एकाच्या तब्येतीवर अवलंबून नाही.

आमचं गॅदरिंग नीट पार पडलं. साईट शेवटच्या दिवसापर्यंत ८० वर चालली, मधे एकदा कोड बदलून कंपाईल केल्यावर पडली तेव्हा सरांकडं धावलो आणि हक्क परत चिकटवून घेतला. गॅदरिंग संपल्यावर सरांनी तो आठवणीनं काढूनही घेतला. आधी राग आला, मग पटलं.

ज्युनिअर्सना एकच सांगणं. लॅबमधल्या लिनक्स मशीनवर ई.टी.सी. डिरेक्टरीत सर्व्हिसेस नावाची एक फाईल असते. ती उघडून बघा. ७ समोर एको, २२ समोर एस.एस.एच., ८० समोर एच.टी.टी.पी. अशा ओळी दिसतील. पोस्टेलच्या वहीचीच ती नातवंडं. आणि ती वाचायला रूटचा पासवर्ड लागत नाही.